अमेरिकेतल्या कॉलेजात शाकाहारी किंवा व्हीगन जेवायचं कसं: पहिल्या सेमेस्टरला निघालेल्यांसाठी

अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठात मी दोन वर्षं एमएस केलं. मी मूळची साताऱ्याची. घरात मांस, मासे, अंडं काहीच शिजत नाही. तिथे गेल्यावर पहिले तीन आठवडे मी रोज रात्री डायनिंग हॉलमधलं ‘व्हेजिटेबल सूप’ पीत होते. दिवसभराची धावपळ, जेट लॅग आणि घरची आठवण, यात काहीतरी गरम पोटात जातंय एवढंच समाधान होतं. सप्टेंबरमध्ये त्याच हॉलच्या स्वयंपाकघरात मला अर्धवेळ काम मिळालं आणि सूपच्या मोठ्या पातेल्यात काय पडतं ते डोळ्यांनी पाहिलं. गोमांसाच्या अर्काचा डबा होता, ‘बीफ बेस’ लिहिलेला. सूपमध्ये भाज्या होत्या म्हणून त्याचं नाव व्हेजिटेबल सूप. मला कोणी फसवलं नव्हतं, मी विचारलंच नव्हतं. त्या रात्री घास उतरला नाही आणि आईला हे सांगायला मला वर्ष लागलं.

तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. पदवीसाठी जाऊन हॉस्टेलमध्ये राहणाऱ्यांना यातलं बहुतेक सगळं लागू पडेल. एमएसवाले सहसा बाहेर अपार्टमेंट घेऊन राहतात, पण दुपारचं जेवण कॅम्पसवरच होतं, तेव्हा त्यांनीही पायरी १, ४ आणि ५ जरूर वाचाव्यात.

निघण्याआधी हे जवळ असू द्या

- मील प्लॅनच्या (म्हणजे डायनिंग हॉलमधल्या जेवणाचे आगाऊ पैसे भरण्याच्या योजनेच्या) कराराची पीडीएफ आणि प्लॅन बदलण्याची शेवटची तारीख
- डायनिंग विभागाचा आणि तिथल्या आहारतज्ज्ञाचा ईमेल पत्ता
- काही ॲलर्जी किंवा आजार असेल तर डॉक्टरांचं इंग्रजीतलं, सही-शिक्क्याचं पत्र
- बी-१२ आणि ड जीवनसत्त्वाच्या रक्ततपासणीचा ताजा अहवाल
- ‘मी काय खात नाही’ याची चार ओळींची इंग्रजी यादी, फोनमध्ये सेव्ह केलेली
- भरलेला मिसळणाचा डबा

१. आधी शब्द समजून घ्या

आपल्याकडे पाकिटावर हिरवा ठिपका दिसला की प्रश्न संपतो. तो ठिपका असलेल्या पदार्थात अंडं नसतं, कारण भारतात अंडं मांसाहारात धरतात. अमेरिकेत अशी सरकारी खूण नाही. ‘व्हेजिटेरियन’ आणि ‘व्हीगन’ या शब्दांची तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने केलेली कायदेशीर व्याख्याही नाही. तिथल्या बोलण्यात व्हेजिटेरियन म्हणजे मांस-मासे न खाणारा, अंडं आणि दूध खाणारा. व्हीगन म्हणजे दूध-तुपासकट प्राण्यांपासून आलेलं काहीच न खाणारा. त्यामुळे केक, पॅनकेक, मेयोनेज, फ्राइड राइस, काही व्हेजी बर्गर, काही पास्ता या सगळ्यांत अंडं असूनही ते व्हेजिटेरियन म्हणून प्रामाणिकपणे मांडलेले असतात.

तुम्ही अंडं खात नसाल तर ‘आय ॲम व्हेजिटेरियन’ एवढं सांगून भागणार नाही. ‘नो मीट, नो फिश, नो एग्ज, डेअरी इज फाइन’ असं पूर्ण सांगा. व्हीगन असाल तर ‘व्हीगन’ हा एकच शब्द बरंच काम करतो, कारण तिथल्या स्वयंपाकघरांना तो नीट कळतो. माझ्यासारख्या अंडं न खाणाऱ्या पण दूध पिणाऱ्या मुलीलाही गर्दीच्या वेळी व्हीगन काउंटरवरच उभं राहणं सगळ्यात सोपं पडायचं.

पाट्यांवरच्या खुणांचंही तसंच. एका विद्यापीठात ‘व्ही’ म्हणजे व्हेजिटेरियन, तर दुसरीकडे तीच ‘व्ही’ म्हणजे व्हीगन. मैत्रिणीला भेटायला दुसऱ्या कॅम्पसवर गेलात तर भिंतीवरचा खुणांचा तक्ता पुन्हा वाचा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ‘व्हेजिटेबल’ आणि ‘व्हेजिटेरियन’ हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिला शब्द पदार्थात भाजी आहे एवढंच सांगतो.

२. मील प्लॅनवर सही करण्याआधी हिशोब करा

पुण्यातल्या मेसमध्ये खाडे धरतात. गावी गेलात, आधी सांगितलंत, की तेवढे पैसे पुढच्या महिन्यात वळते होतात. अमेरिकन मील प्लॅनमध्ये खाडे नसतात. आठवड्याला १४ जेवणांचा प्लॅन घेतला आणि ९ वेळाच गेलात, तर उरलेली ५ बहुतेक ठिकाणी आठवडा संपला की बुडतात.

प्लॅन साधारण तीन तऱ्हेचे असतात. अमर्याद, म्हणजे हवं तेव्हा जा. आठवड्याचा, म्हणजे ठरावीक ‘स्वाइप’ (कार्ड एकदा घासलं की एक जेवण). ब्लॉक, म्हणजे अख्ख्या सेमेस्टरला मिळून २५, ५० किंवा अशीच काही जेवणं. शिवाय ‘डायनिंग डॉलर’ नावाची रक्कम कार्डावर असते, ती कॅम्पसवरच्या कॅफेत आणि दुकानात चालते.

हिशोब असा करा. समजा १६ आठवड्यांच्या सेमेस्टरचा प्लॅन २,४०० डॉलरचा आहे आणि आठवड्याला १० स्वाइप आहेत. म्हणजे १६० जेवणं, एक जेवण १५ डॉलरला. आता दारात रोख पैसे देऊन जेवण कितीला पडतं ते वेबसाइटवर बघा. शाकाहारी माणसाने पुढचा प्रश्नही स्वतःला विचारायचा: त्या १५ डॉलरमध्ये माझ्या ताटात खरोखर काय येणार आहे? सॅलड, भात आणि केळंच येणार असेल तर सगळ्यात छोटा प्लॅन घ्या.

पहिल्या वर्षी हॉस्टेलमध्ये राहणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्यांना प्लॅन घेणं अनेक विद्यापीठांत सक्तीचं असतं. तरी त्यातला सगळ्यात लहान कोणता हे विचारता येतं. एमएस आणि पीएचडीवाल्यांना सहसा सक्ती नसते. त्यांनी पोहोचायच्या आत प्लॅन घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. पहिले दोन आठवडे एकेक जेवण विकत घेऊन बघा, मग लागला तर ब्लॉक प्लॅन घ्या.

प्लॅन बदलायची मुदत सेमेस्टर सुरू झाल्यावर फार थोडे दिवस असते. ती तारीख हुकली की डिसेंबरपर्यंत काही करता येत नाही. माझ्या रूममेटची तारीख दोन दिवसांनी हुकली आणि तिचे पाचेकशे डॉलर वाया गेले.

३. खोली ठरवण्याआधी मेनू बघा

बहुतेक मोठ्या विद्यापीठांचा रोजचा मेनू त्यांच्या वेबसाइटवर किंवा ॲपवर असतो आणि पदार्थावर क्लिक केलं की घटकांची यादी उघडते. एकाच कॅम्पसवर चार-पाच डायनिंग हॉल असतात आणि त्यांच्यात फार फरक असतो. भारतात बसूनच सलग एका आठवड्याचा मेनू वाचा. शनिवार-रविवार मुद्दाम बघा, कारण तेव्हा अर्धे काउंटर बंद असतात. मग ज्या हॉलमध्ये रोज गरम व्हीगन पदार्थ आहे, त्याच्या जवळचं हॉस्टेल मागा. जानेवारीत बर्फातून वीस मिनिटं चालत जेवायला जाणं सोपं नाही.

काही ठिकाणी परिस्थिती खूपच चांगली आहे. टेक्सासमधल्या डेंटन इथल्या युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ टेक्सासने २०११ मध्ये ‘मीन ग्रीन्स’ नावाचा पूर्ण व्हीगन डायनिंग हॉल सुरू केला. अमेरिकेतल्या कॉलेजांमध्ये तो पहिला मानला जातो. आता बऱ्याच कॅम्पसवर निदान एक व्हीगन काउंटर असतो.

कॅम्पसवर कोशर जेवणाची सोय असेल तर तीही बघा. ज्यू धर्मनियमांप्रमाणे मांस आणि दूध एकत्र चालत नाही, म्हणून कोशर ‘डेअरी’ स्वयंपाकघरात मांस येतच नाही. मात्र मासे आणि अंडं चालतं. पाकिटावर ‘पारेव्ह’ लिहिलं असेल तर त्यात मांसही नाही आणि दूधही नाही, पण इथेही अंडं किंवा मासे असू शकतात.

४. लपलेले पदार्थ ओळखायला शिका

ही पायरी मोठी आहे. दोन सेमेस्टर स्वयंपाकघरात काम केल्यावर जे कळलं ते सगळं इथे देते.

*पाणी कशाचं आहे?* भात, पिलाफ, कूसकूस, सूप, ग्रेव्ही आणि मॅश्ड बटाटा यांत साध्या पाण्याऐवजी चिकन स्टॉक, म्हणजे कोंबडी उकळून काढलेलं पाणी, घालण्याची पद्धत आहे. चव येते म्हणून घालतात. डोळ्यांनी ओळखता येत नाही. फ्रेंच अनियन सूप पारंपरिकरीत्या बीफ स्टॉकमध्येच होतं. पिवळ्या वाटाण्याचं सूप आपल्या आमटीसारखं दिसतं, त्यात बहुधा डुकराचं मांस शिजलेलं असतं.

*चरबी कशाची आहे?* मेक्सिकन काउंटरवरच्या ‘रिफ्राइड बीन्स’मध्ये लार्ड, म्हणजे डुकराची चरबी, असू शकते. काही मैद्याच्या टॉर्टियांत आणि पायच्या कवचातही असते. दक्षिणेकडच्या राज्यांत पालेभाज्या आणि फरसबी बेकन किंवा हॅमच्या तुकड्यासोबत शिजवतात. तुकडा वाढताना बाजूला काढला तरी चव आणि चरबी भाजीतच राहते. ‘बेक्ड बीन्स’मध्येही डुकराचं मांस सर्रास असतं.

*माशाचा अंश कुठे असतो?* सीझर ड्रेसिंग आणि वूस्टरशर सॉस यांत अँकोव्ही मासे असतात. थाई करी आणि पॅड थाईमध्ये फिश सॉस पडतो, चायनीज भाज्यांत ऑइस्टर सॉस, किमचीत बहुधा कोळंबी किंवा फिश सॉस. मिसो सूप सोयाबीनचं असलं तरी त्याचं पाणी माशाच्या चुऱ्यापासून केलेलं असतं. टोफूची भाजी दिसली की आपण निर्धास्त होतो, पण टोफूच्या भाजीतच हे सॉस सर्वांत जास्त सापडतात.

*जिलेटिन.* जनावरांच्या हाडं-कातडीपासून बनतं. मार्शमेलो, जेलो, गमी गोळ्या, काही दही यांत असतं. नाश्त्याच्या सीरियलमध्येसुद्धा सापडतं. लकी चार्म्समधले रंगीत तुकडे मार्शमेलोचे असतात आणि फ्रॉस्टेड मिनी-व्हीट्समध्ये जिलेटिन असतं. सीरियल तर शाकाहारीच, असं धरून मी वर्षभर वाटीभर खाल्लं.

*चीज.* चीज विरजायला रेनेट लागतं. इटलीहून येणाऱ्या अस्सल पार्मिजानो रेज्जानोमध्ये ते वासराच्या पोटातलंच असावं लागतं. अमेरिकन चीजमध्ये बऱ्याचदा सूक्ष्मजीवांपासून मिळवलेलं असतं. पाकिटावर ‘मायक्रोबियल’ किंवा ‘व्हेजिटेबल’ रेनेट लिहिलं आहे का ते बघा.

*व्हीगन मित्रांसाठी खास.* कॉफीतल्या पावडरवर ‘नॉन-डेअरी क्रीमर’ लिहिलेलं असतं आणि घटकांत सोडियम केसिनेट असतं. ते दुधातलंच प्रथिन आहे. नानमध्ये दही किंवा दूध असतं, कधी अंडंही. वाफवलेल्या भाज्यांवर शेवटी लोणी सोडतात. व्हेजी बर्गर व्हीगन असला तरी त्याचा पाव दुधाचा असू शकतो. भारतीय विद्यार्थी संघटनेच्या कार्यक्रमातलं ‘व्हेज’ जेवण तूप आणि पनीरने भरलेलं असतं, तिथेही विचारा.

*ॲलर्जीचा तक्ता पुरेसा नाही.* अमेरिकेत दूध, अंडी, मासे, कवचवाले जलचर, झाडावरचा सुकामेवा, शेंगदाणे, गहू, सोयाबीन आणि २०२३ पासून तीळ, असे ९ मोठे ॲलर्जीकारक घटक आहेत. डायनिंग हॉलचे तक्ते याच यादीवर चालतात. अंडं, दूध आणि मासे त्यात कळतात. चिकन स्टॉक, बीफ बेस, लार्ड मात्र त्या तक्त्यात दिसणार नाहीत. त्यासाठी घटकांची पूर्ण यादीच वाचावी लागते.

*तळणीची कढई एकच असते.* फ्रेंच फ्राइज, चिकन नगेट्स आणि मासे पुष्कळदा एकाच तेलात तळले जातात. हे चालेल की नाही ते ज्याने त्याने ठरवावं. मला चाललं नाही.

५. विचारायचं कसं आणि कोणाला

आपल्याला वाटतं, मागे रांग आहे, लोक काय म्हणतील. मी काउंटरच्या दोन्ही बाजूंना उभी राहिले आहे आणि सांगते, तिथे प्रश्न विचारणाऱ्याला कोणी वेडगळ समजत नाही. ॲलर्जीमुळे रोज कितीतरी मुलं विचारतात.

वाढणारा बहुधा विद्यार्थीच असतो आणि त्याला माहिती नसते. ‘इज इट व्हेजिटेरियन?’ विचारलंत तर तो पाटीकडे बघून ‘आय थिंक सो’ म्हणेल. मीसुद्धा पहिल्या आठवड्यात असंच म्हणायचे. ‘आय थिंक सो’ हे उत्तर आलं की तो पदार्थ घेऊ नका. त्याऐवजी असं विचारा:

- ‘वॉज द राइस कुक्ड इन वॉटर ऑर इन चिकन स्टॉक?’
- ‘इज देअर फिश सॉस ऑर ऑइस्टर सॉस इन धिस?’
- ‘कॅन आय सी द इन्ग्रेडियंट्स?’
- ‘कुड आय स्पीक टू द शेफ ऑर द मॅनेजर?’

नेमक्या पदार्थाचं नाव घेऊन विचारलं की उत्तरही नेमकं येतं. ग्रिलवर असाल तर ‘कुड यू यूज अ क्लीन पॅन अँड चेंज युअर ग्लव्ह्ज, प्लीज?’ म्हणा. लगेच करतात.

शेफला भेटायची वेळ दुपारी अडीच ते चार. जेवणाच्या गर्दीत गेलात तर त्यांना मान वर करायला सवड नसते. पहिल्याच आठवड्यात जाऊन नाव सांगा, काय खात नाही ते सांगा. आमच्या हॉलचे मुख्य शेफ मला ओळखायला लागल्यावर भाताचं एक छोटं पातेलं पाण्यात शिजवून बाजूला ठेवू लागले. दोन महिन्यांत ते पातेलं घेणारे आम्ही अकरा जण झालो आणि मग ते रोजच्या मेनूतच आलं. तिथल्या डायनिंग विभागात कशाला किती मागणी आहे याची नोंद ठेवतात. आवडलेला पदार्थ संपला तर प्रतिसादाच्या फॉर्मवर तेही लिहा.

६. ताट भरताना

पहिल्या सेमेस्टरला आपली मुलं-मुली पिझ्झा, फ्राइज, पास्ता यांवर राहतात. शाकाहारी आहे, पोट भरतं, पण डिसेंबरपर्यंत थकवा येतो. दर जेवणात एक प्रथिनाचा पदार्थ घ्यायचाच असं ठरवून टाका. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण ०.८ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ५५ किलोच्या मुलीला ४४ ग्रॅम. शिजवलेल्या मसुराच्या एका कपात सुमारे १८ ग्रॅम असतात, छोले किंवा काळ्या घेवड्याच्या कपात साधारण १५, पीनट बटरच्या दोन मोठ्या चमच्यांत ७-८.

सॅलड बार आपल्या फार उपयोगाचा आहे. तिथे उकडलेले छोले, राजमा, मका, टोफू सहसा असतात. मी वाटीभर छोले घ्यायचे, वर कांदा, टोमॅटो, लिंबू आणि खिशातल्या छोट्या डबीतला चाट मसाला किंवा मेतकूट. मायक्रोवेव्हमध्ये भाजलेला बटाटा फोडून त्यावर घरची शेंगदाण्याची चटणी घातली की जेवल्यासारखं वाटायचं. टाकोच्या काउंटरवर भात, काळा घेवडा, परतलेली सिमला मिरची-कांदा, सालसा आणि ग्वाकामोले मागा. घेवड्यात चरबी नाही हे एकदा विचारून घेतलं की हे रोज चालणारं व्हीगन जेवण आहे.

उपवास असेल तर फळं, दही, भाजलेला बटाटा, शेंगदाणे हॉलमध्ये मिळतात. साबुदाणा भारतीय दुकानातून आणावा लागतो. जैन मित्रांना कांदा-लसूण-बटाटा टाळणं हॉलमध्ये फार जड जातं. त्यांनी शक्यतो स्वयंपाकघर असलेली खोलीच घ्यावी.

बी-१२ विसरू नका. मोठ्या माणसाला रोज २.४ मायक्रोग्रॅम लागतं आणि वनस्पतीजन्य अन्नात ते भरवशाने मिळत नाही. व्हीगन असाल तर गोळी किंवा बी-१२ घातलेलं सोया दूध, सीरियल हवंच. हिवाळ्यात ऊन कमी, म्हणून ड जीवनसत्त्वाकडेही लक्ष ठेवा. गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्या.

७. अडचण असेल तर लेखी मांडा

मोठ्या विद्यापीठांच्या डायनिंग विभागात नोंदणीकृत आहारतज्ज्ञ असतात आणि विद्यार्थ्यांना त्यांची भेट सहसा विनामूल्य असते. ते तुमच्यासोबत हॉलमध्ये फिरून काय खाता येईल ते दाखवतात. ही सोय फार कमी भारतीय विद्यार्थी वापरतात, याचं मला वाईट वाटतं.

सक्तीचा प्लॅन असूनही खायला पुरेसं मिळत नसेल तर सूट किंवा छोटा प्लॅन मागता येतो. कारण नीट वेगळं करा. ॲलर्जी किंवा सीलिॲकसारखा (गव्हातलं ग्लूटेन न चालणारा) आजार असेल तर अर्ज अपंगत्व सेवा कार्यालयाकडे जातो आणि डॉक्टरांचं पत्र लागतं. २०१२ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने मॅसॅच्युसेट्समधल्या लेस्ली युनिव्हर्सिटीशी केलेल्या समझोत्यानंतर हे स्पष्ट झालं, की सक्तीच्या मील प्लॅनमध्ये गंभीर ॲलर्जी असलेल्या विद्यार्थ्यांची सोय करणं हे अपंगत्व कायद्याखाली येऊ शकतं. नुसता शाकाहार त्यात बसत नाही. तुमचं कारण धार्मिक असेल तर तसं स्पष्ट लिहा. काही विद्यापीठं त्यासाठी वेगळा फॉर्म ठेवतात.

अर्जात भावना थोडक्यात, पुरावा भरपूर. मी एका ज्युनियरला लिहून दिलेल्या अर्जात सलग १० दिवसांचा तक्ता होता: तारीख, जेवण, गरम पदार्थ किती, त्यातले तिला चालणारे किती. त्या तक्त्यावरच तिचा प्लॅन छोटा करून मिळाला.

८. स्वतः शिजवायचं असेल तर

*सामान.* तांदूळ बॅगेत नेऊ नका. खाप्रा किडीच्या भीतीने भारतातून प्रवाशांनी आणलेला तांदूळ अमेरिकेत येऊ देत नाहीत. कढीपत्ताही नाही, कारण तो लिंबूवर्गातला आहे आणि त्या झाडांच्या रोगाची त्यांना धास्ती आहे. बाकी जे खाण्याचं न्याल ते विमानतळावर कस्टम्सच्या फॉर्मवर लिहून किंवा अधिकाऱ्याला सांगून न्या. न सांगितलेली वस्तू सापडली तर दंड होऊ शकतो. गोडा मसाला, मेतकूट, चटण्या, आमसुलं घरून न्यावीत. डाळी, पोहे, पिठं आणि तिथे पिकवलेला कढीपत्ताही भारतीय दुकानात मिळतो. शिकागोच्या डेव्हन अव्हेन्यूवर १९७४ मध्ये सुरू झालेल्या पटेल ब्रदर्सची दुकानं आता अनेक शहरांत आहेत. साध्या अमेरिकन दुकानातही गार्बान्झो म्हणजे छोले, ब्लॅक-आयड पी म्हणजे चवळी, रेड लेंटिल म्हणजे मसूरडाळ, एगप्लांट म्हणजे वांगं आणि सिलँट्रो म्हणजे कोथिंबीर.

*उपकरणं.* मिक्सर नेऊ नका. तिथे वीज १२० व्होल्टची, आपला मिक्सर २३० व्होल्टचा. कुकर न्या, पण हॉस्टेलच्या खोलीत शेगडी, राइस कुकर किंवा इन्स्टंट पॉट चालतो का ते नियमावलीत बघा. बऱ्याच हॉस्टेलमध्ये खोलीत बंदी असते, मजल्यावरचं सामाईक स्वयंपाकघर वापरावं लागतं. राजमा स्लो कुकरमध्ये कच्चा घालू नका. आधी भिजवून चांगला खळखळून उकळावा लागतो, नाहीतर पोट बिघडतं. डब्यातला राजमा शिजलेला असतो.

*फोडणी.* मोहरी-मिरचीच्या धुराने अलार्म वाजतो आणि इमारत रिकामी करावी लागते. पंखा आधी लावा, खिडकी उघडा, तेल धुरावेपर्यंत तापवू नका. आमच्या इमारतीतले दीडशे लोक एकदा रात्री थंडीत खाली उभे राहिले, लसणाच्या फोडणीमुळे.

*रूममेट.* व्हॉट्सॲप ग्रुपवर घर ठरवताना भाड्यासोबत हेही बोलून घ्या: घरात मांस शिजलेलं चालेल का, अंडं चालेल का, तवे-कढया वेगळ्या की एकच, फ्रिजचा कोणता कप्पा कोणाचा. मांसाहारी रूममेटला त्याच्या घरात त्याचं अन्न शिजवायचा तुमच्याइतकाच हक्क आहे. ‘तू बाहेर खा’ असं आयत्या वेळी सांगणं अन्यायाचं आहे. आधी जुळत नसेल तर दुसरं घर बघा. आमच्याकडे दोन तवे होते, एकाच्या दांड्याला हिरवी टेप. दोन वर्षांत एकदाही भांडण झालं नाही.

व्हीगन असाल तर आपला रोजचा स्वयंपाक तुमच्या बाजूचा आहे. पिठलं, भाकरी, मटकीची उसळ, भरीत, थालीपीठ, कटाची आमटी यांत दूधदुभतं लागतच नाही. फक्त वरचं तूप-लोणी सोडायचं.

९. हॉलच्या बाहेर शोधा

फ्लोरिडात गेन्सव्हिल इथल्या विद्यापीठात इस्कॉनचे भक्त ‘प्लाझा ऑफ द अमेरिकाज’वर कित्येक दशकं दुपारचं शाकाहारी जेवण वाढत आले आहेत, ‘कृष्णा लंच’ नावाने. बर्कलेत १९३३ पासून चालणाऱ्या विद्यार्थी सहकारी संस्थेचं ‘लोथलोरियन’ हे घर शाकाहारी आहे. तिथे राहणारे आठवड्याला काही तास घरकाम करतात आणि स्वयंपाक सगळ्यांसाठी एकत्र होतो. तुमच्या कॅम्पसवर ‘स्टुडंट को-ऑप’ आहे का ते शोधा.

गावात गुरुद्वारा असेल तर लंगर शाकाहारी असतं आणि कोणालाही खुलं असतं. स्वामीनारायण मंदिरातलं जेवण कांदा-लसणाशिवायचं. जवळच्या महाराष्ट्र मंडळाला ऑगस्टमध्येच ईमेल करा. गणपतीच्या जेवणाला विद्यार्थ्यांना बहुधा सवलत असते आणि वरणभात मिळतो.

महिनाअखेर पैसे संपले तर कॅम्पसवरच्या फूड पँट्रीत, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांना मोफत किराणा देणाऱ्या केंद्रात, जायला संकोच करू नका. डाळी, तांदूळ, डब्यातली कडधान्यं, पीनट बटर हेच तिथे जास्त असतं, म्हणजे आपलंच अन्न. बहुतेक ठिकाणी विद्यार्थी ओळखपत्र पुरतं. सरकारी फूड स्टॅम्प ही गोष्ट वेगळी, ती एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांसाठी नाही.

डायनिंग हॉलमधली नोकरीही विचारात घ्या. एफ-१ वर सेमेस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं आणि अनेक ठिकाणी पाळीमागे एक जेवण मिळतं. काम सुरू करण्याआधी मांस हाताळायला जमेल का ते स्वतःला विचारा. मी मॅनेजरला आधीच सांगितलं, त्यांनी मला सॅलड आणि भांड्यांकडे ठेवलं.

१०. सुट्ट्यांची तयारी

नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग हा तिथला मोठा सण. त्या आठवड्यात बरेच डायनिंग हॉल बंद होतात, गुरुवारी दुकानंही लवकर मिटतात, आणि लहान गावात बसही नसते. डिसेंबरच्या सुट्टीत तर तीन-चार आठवडे हॉल बंद. नव्याने आलेली मुलं हे विसरतात आणि मायक्रोवेव्ह नूडल्सवर दिवस काढतात. त्या नूडल्सच्या मसाल्यातही चिकन किंवा बीफची पावडर असू शकते, चवीचं नाव ‘ओरिएंटल’ किंवा ‘सॉय सॉस’ असलं तरी पाकीट उलटं करून वाचा.

आदल्या सोमवारीच खरेदी करा: मसूरडाळ, पोहे, ओट्स, डब्यातले छोले, ब्रेड, पीनट बटर, सोया दूध, सफरचंदं. प्राध्यापक किंवा मित्राच्या घरी जेवायचं आमंत्रण आलं तर काय खात नाही ते आठवडाभर आधी कळवा आणि तुमचा एक पदार्थ घेऊन जा. मी मटार उसळ नेली होती. टर्की पक्ष्याच्या पोटात शिजवलेलं ‘स्टफिंग’ आणि तिच्या रसाची ग्रेव्ही सोडून क्रॅनबेरी सॉस, भाजलेले रताळे, मका, पाव असं बरंच चालतं, फक्त रताळ्यांवर मार्शमेलो नाहीत ना ते बघा.

हॉल सहसा रविवारी संध्याकाळी उघडतो, पण काही ठिकाणी सोमवारच्या नाश्त्यालाच. ती वेळ लक्षात राहावी म्हणून दारावरच्या पाटीचा फोटो काढून ठेवा आणि रविवार रात्रीपुरता डबा फ्रिजमध्ये असू द्या.